फोनवरचा मेकॅनिक

खिदिरपूर बंदरातल्या आमच्या जहाज कंपनीच्या कचेरीतला, तारेने आलेले निरोप छापणारा टेलिप्रिंटर अडला की मी शहरातल्याच डलहौसी भागातल्या बंगाली मेकॅनिकला फोन लावायचो. "दादा, रिसीव्हर मशीनजवळ धरा," तो म्हणायचा. खडखड ऐकत चहाचा एक घोट घ्यायचा, मग सांगायचा, "डावा स्क्रू, अर्धा फेरा. जास्त हुशारी नको." आणि मशीन खरंच चालू व्हायचं.

एकदा मशीन बंद पडलं आणि निरोपाअभावी जहाज धक्क्यावर खोळंबलं, तेव्हा आमच्या साहेबांनी त्याला हट्टाने प्रत्यक्षच बोलावलं. तो ट्रामने आला, मशीनभोवती फिरला, आत डोकावला आणि नुसताच घामाघूम झाला. साहेब मागून सूचना देतच होते. शेवटी तो गुपचूप शेजारच्या खोलीत गेला. लगेच माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"दादा, रिसीव्हर मशीनजवळ धरा," तो म्हणाला, "आणि साहेबांना जरा बाहेर पाठवा."