पाठीचा वाटा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवलं, तेव्हाही घोळ घातलाच — पहिलं पान वाणसामानाच्या यादीमागे लिहिलं आणि यादी घेऊन आमची मंडळी दुकानात गेली. तीन दिवस मी त्या गल्लीतून मान खाली घालून ये-जा केली. चौथ्या दिवशी घरात हळद आली ती माझ्याच पानाच्या पुडीत. वाण्यानं वाचलं होतं का? भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "सर, लिहिता तं लय, पन अक्षर काही लागत नाही तुमचं." माझ्या अक्षराचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तर — पुन्हा पहिल्यापासून.

राज्यघटना येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिशीच्या आतला, नागपूरला एम. ए. झालेला, राज्यशास्त्राचा. प्रबंधासाठी विषय घेतला होता मोठा झणझणीत: माणूस काम करो न करो, त्याला जगण्यापुरतं काहीतरी, कोणतीही अट न घालता, मिळण्याचा हक्क आहे की नाही? सामाजिक न्याय म्हणतात तो इथून सुरू होतो की नाही? परदेशी पंडितांची पुस्तकं वाचून डोकं इतकं भरलं होतं की टोपी बसत नव्हती. आणि एक दिवस लक्षात आलं — अरे, हे तर आपल्या गावात होतंच!

आमचं गाव रिठदपासून पंधरा-वीस मैलांवर. तिथे एक रीत होती. पौषात ज्वारीची खळी होत. रास उपणून झाली, पूजा झाली की मापाआधी शेतकरी थोडी ज्वारी खळ्याच्या कडेला काटेरी कुपाजवळ वेगळी ओढायचा. आणि तिच्याकडे पाठ करून बसायचा. मग ज्याला हवं त्यानं यावं, एक सूप भरावं, जावं. मजुरीला आलेला असो, नसो. आम्ही त्याला पाठीचा वाटा म्हणायचो. पाठ कशाला करायची, असं मी लहानपणी आबांना — म्हणजे वडलांना — विचारलं होतं. "पाह्यलं की मोजनं आलं," ते म्हणाले, "अन् मोजलं की बोलनं आलं."

एवढं सोपं उत्तर मिळाल्यावर माणसानं प्रबंध लिहायची गरज काय होती? पण मी शिकलेला होतो ना.

लग्नाला वर्ष झालं होतं. बायकोला घेऊन मी त्या हिवाळ्यात गावी आलो आणि पावसाळ्यापर्यंत राहिलो. आणि आमच्याच खळ्यावर, आबांच्या त्या पाठीला पाठ लावून, येणाऱ्यांकडे तोंड करून बसलो. मांडीवर वही. माझे तीन प्रश्न ठरलेले होते. घरात खाणारे किती? यंदा काम कुठे केलं? आणि तिसरा — हा वाटा तुम्ही कोणत्या हक्कानं घेता?

हसू नका. नाहीतर हसा. मलाही तेव्हा तो प्रश्न फार खोल वाटला होता.

पहिला आला किसन, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "हक्क कायचा जी? सूप आनलं न घरून!" खळ्यावर हशा झाला. मीही हसलो आणि लिहून घेतलं. पण त्याच्यामागे रांगेत ज्या बाया होत्या, त्या हसल्या नाहीत. दोघी-तिघींनी सूप पदराखाली घेतलं आणि काहीतरी विसरल्यासारखं करून माघारी वळल्या. मी ते पाहिलं. पाहिलं, हे मी आता नाकबूल करणार नाही.

मग सखूमाय आली.

गावाच्या टोकाला एकटी राहायची. मुलगा कारंज्याला कापसाच्या जिनावर कामाला गेला, तो तिकडचाच झाला. वय झालेलं, बोटं सांध्यांतून वळलेली. तिनं वाकून सूप भरलं, आणि मी तिला अडवलं. किती माणसं? "मी एकटीच हावो, बापू." काम कुठे केलं? तिनं बोटं माझ्यापुढे धरली. मला उत्तर मिळालं होतं ना? माणसाला इतकं उत्तर पुरतं. पण वहीत तिसरा रकाना मोकळा होता — आणि मोकळा रकाना मला बघवत नसे. मी विचारलं, मोठ्यानं, कारण तिला कमी ऐकू यायचं: मग हे कोणत्या हक्कानं घेता?

सगळं खळं थांबलं. माप भरणाऱ्याची पाटीसुद्धा हातातच राहिली.

"मले आजपर्यंत कोनी इचारलंच नोतं, बापू," ती म्हणाली. मग तिनं सूप राशीवर पालथं केलं. सुपाच्या विणीत दाणे अडकतात, ते तिनं वाकड्या बोटांनी टोकरून काढले, एकेक. त्याला फार वेळ लागला. त्या वेळात मी काहीही म्हणू शकलो असतो. माझ्या पाठीला आबांची पाठ टेकलेली होती. त्यांना सगळं ऐकू आलं असणार. पण रीत अशी की देणाऱ्यानं वळून पाहायचं नाही — आणि ते वळले नाहीत.

सखूमाय रिकामं सूप घेऊन गेली. मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: "परत केले."

पुढचे पंधरा दिवस मी गावातल्या जवळपास प्रत्येक खळ्यावर वही घेऊन बसलो. ती एकाही खळ्यावर आली नाही. इतरही बरेच आले नाहीत. थोरल्या भावानं माझी वही चाळली आणि खूश झाला. "हे बेस केलं तू," म्हणाला, "आयतं खानारे कोन हायेत ते तरी समजलं!" दुसऱ्या वर्षी त्यानं पाठीचा वाटा काढलाच नाही. जे मजुरीला आले होते त्यांना मजुरी दिली, झालं. बाकीच्या खळ्यांनीही तेच केलं. आबा त्या वर्षी खळ्याकडे फिरकले नाहीत. त्यावरून मला एका शब्दानं बोलले नाहीत — मरेपर्यंत नाही.

पण सखूमायनं ते दुसरं वर्ष पाहिलंच नाही. ती त्याआधीच्या ज्येष्ठातच गेली. वयानं गेली, असं लोक म्हणाले. मी तिरडी बांधायला गेलो होतो. तिच्या झोपडीत ज्वारीचं मडकं चुलीशेजारी पालथं घातलेलं होतं, धुऊन, स्वच्छ. शेजारीण सांगत होती, काही द्यायला गेलं तर म्हणायची, माझं जेवण झालं. मी ते मडकं पाहिलं. सगळ्यांच्या आधी मीच पाहिलं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, चूक झाली, तरुण होता. थांबा. माझा गुन्हा याच्या पुढचा आहे.

मला कळलं होतं. प्रबंधाचं सगळं सार त्या मडक्यात होतं, आणि ते मला त्या दिवशीच कळलं होतं — की हक्क नाकारून जात नाही, विचारून जातो. की चौकशी हीच पहिली अट. असं लिहिलं असतं तर ते खरं ठरलं असतं, आणि त्याचा कुणाला उपयोगही झाला असता. पण ते लिहायचं तर कुणी विचारलं तेही लिहावं लागलं असतं. मग मी काय लिहिलं? लिहिलं की ही प्रथा आपोआप लोप पावत आहे. कष्ट न करता मिळालेलं धान्य गरीब माणूस स्वाभिमानानं स्वतःच नाकारू लागला आहे. आणि पुरावा म्हणून एक वृद्ध स्त्री दिली — नाव न देता — जिनं भरलेलं सूप परत ओतलं.

मार्गदर्शक सर खूश झाले. हे नवीन आहे म्हणाले. मला पदवी मिळाली, तिच्यावर नोकरी मिळाली, नोकरीवर हे घर उभं राहिलं.

आणि नंतर वीस वर्षं, दरवर्षी, मी तो प्रसंग वर्गात सांगितला. फार चांगला सांगतो मी. घरीदारी मी गोष्टीवेल्हाळ म्हणून ओळखला जातो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, मला ठाऊक आहे. वाकड्या बोटांशी आलो की मागच्या बाकांवरची पोरंही गप्प होत. एका मुलीनं एकदा डोळे पुसले. स्वाभिमान म्हणजे काय ते आज समजलं, म्हणाली. मी तिला धन्यवाद दिले. मडक्याचं मात्र मी वर्गात कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोष्ट बिघडली असती ना?

मी भित्रा होतो, असं म्हणून भागत नाही. भित्रा माणूस गप्प बसतो. मी गप्प बसलो नाही — मी तिच्या उपाशी मरण्याचा दाखला करून तो विकला, आणि दरवर्षी थोडा अधिक रंगवून विकला. याच्यावर मला काही मागायचं नाही. तुमच्याकडे नाही, कुणाकडेच नाही.

परवा दुपारी बायकोला हे सगळं वाचून दाखवलं. ती गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. मध्ये एकदाही थांबली नाही. शेवटची कुरडई घालून झाल्यावर हात पुसत म्हणाली,

"सखूमाय आली होती आपल्या घरी. ती जायच्या आधी, चार-सहा दिवस. तुमी ओसरीत लिहून राह्यले होते. मी तिले भाकर आनून देली, तं घेतली नाही. म्हने, बापूले इचार, ह्या हातानं कोनतं काम केलं तं वाटा घेनं चालते. मी म्हनलं, बस माय जराशी, त्यायचं लिहिनं होऊ दे."