निअँडरथलांची करवली

आमच्यात मूल हुशार निघालं की ते बापाच्या घराण्यावर जातं, आणि जरा वेगळं निघालं की आईच्या माहेरावर. माझी लेक जरा नाही, चांगलीच वेगळी. तिला ऑटिझम आहे. मिक्सर सुरू झाला की कान झाकून गॅलरीत पळते, कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, आणि पुलांबद्दल बोलायला लागली की ऐकणाऱ्याची दाढी वाढते. बायकांचीसुद्धा.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याचं लग्न ठरलं. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून करवलीचा मान माझ्या लेकीचा. नवरदेवाच्या मागे करादिवा घेऊन उभं राहायचं. हे ऐकलं त्या दिवसापासून ती आमच्या डोंबिवलीच्या घरात तांब्यावर पणती ठेवूनच फिरू लागली.

मग वर्तकनगरला नवरदेवाच्या आईकडे, म्हणजे थोरल्या जाऊबाईंकडे बैठक बसली. चहा यायच्या आत त्या म्हणाल्या, "करवली म्हणून माझ्या भाचीला उभी करू या. हिला गर्दी सोसत नाही गं. मुलीकडच्यांनी पाहिलं तर उगाच चर्चा. आणि खरं सांगू? आमच्या घराण्यात असं कुणीच नाही. हे तुझ्या माहेरून, शहाडकडून आलंय."

समोर त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, पेपर वाचत होते. हा गृहस्थ पेपर आधी इस्त्री करून घेतो, मग उघडतो. आणि म्हणे कुणीच नाही! माझ्या कानांतून अशी वाफ निघाली की वरचा पंखा उलटा फिरला.

"शहाडवर कशाला थांबता?" मी म्हटलं. "आणखी मागे जा. निअँडरथलांपर्यंत!"

मी नुकतंच वाचलं होतं की हजारो वर्षांपूर्वी संपलेल्या त्या माणसांचा थोडा अंश आपल्यात उरलाय, आणि त्यातल्या काही भागाचा ऑटिझमशी संबंध असू शकतो. त्यातलं 'असू शकतो' मी सोयीस्करपणे गिळलं.

सासूबाई सरसावून बसल्या. "हे कुठले गं? देशावरचे की कोकणातले?"

"बर्फातले, आई."

"आणि देवक काय त्यांचं?"

"केसाळ हत्ती."

"अगं, काय थट्टा चालवलीयस!" जाऊबाई कडाडल्या.

"थट्टा कसली? गुहेत राहिले, गेंडे मारले, हाडं गोठवणारे हिवाळे काढले आणि तेवढ्या काळात एकदाही डीजे लावला नाही. याला म्हणतात घराणं! आणि जाऊबाई, तो अंश सगळ्यांत आहे हं. तुमच्यात, भाऊजींत…"

सगळ्यांच्या नजरा कडक इस्त्रीच्या पेपराकडे वळल्या. दीर ओशाळले. "चुरगळलेला वाचवत नाही मला," ते पुटपुटले.

"ह्याच्या बापाचं तेच होतं," सासूबाई म्हणाल्या. "शर्टाची बटणं उलटसुलट लागली की जेवायचे नाहीत."

हशा पिकला, पण मी हसले नाही. म्हटलं, "मूळ गुहेत असेल, शहाडला असेल, नाहीतर याच खोलीत असेल. मला त्याची लाज नाही. माझी मुलगी बोहल्यावर नसेल तर आम्ही तिघंही मांडवात नसू."

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "मान तिचा आहे. उभी राहील."

कोलशेतच्या हॉलमध्ये लेक उभी राहिली. पैठणी, गजरा आणि गजऱ्यावरून भलेमोठे हेडफोन. जाऊबाई कुजबुजल्या, "फोटोपुरते तरी काढ गं."

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "मग दिवा हलेल."

मंगलाष्टकं झाली, अक्षतांचा मारा झाला, बँड असा वाजला की खाडीतले मासे दचकले. फोटोग्राफर ओरडत राहिला, "ताई, इकडे बघा!" ती ज्योतीकडेच बघत होती.

तो फोटो अल्बममधून काढू या, असं जाऊबाईंनी सुचवलं. मी तो दाराएवढा मोठा करून घेतला आणि आमच्या घरच्या हॉलमध्ये लावला. जागा पुरेना, म्हणून टीव्ही आतल्या खोलीत गेला.