बंदीचा प्रकार : इतर

नंदनवन वस्तीत बाबनराव सोनकुसरे यांच्याविषयी कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल : देवमाणूस. नळावर भांडत नाहीत, गणपतीची वर्गणी पहिल्याच दिवशी देतात, आणि मुख्य म्हणजे बायकोला मूलबाळ झालं नाही तरी त्यांनी तिला टाकलं नाही. हे शेवटचं वाक्य सांगताना माणसं आवाज जरा खाली आणतात, कारण गोदूबाई बहुतेक वेळा तिथेच असतात. बायकोला न टाकणं ही आपल्याकडे अजूनही मोठी कामगिरी समजली जाते. बाबनरावांनी ही कीर्ती चाळीसेक वर्षं गुपचूप अंगावर वागवली आणि ती त्यांना कुठे फारशी टोचतही नव्हती.

जन्म कोष्ट्याच्या घरातला. लुगडी विणता विणताच मिसरूड फुटलं. पुढे विणकरांची सोसायटी बुडाली, माग सरपणात गेला आणि बाबनराव कळमेश्वरच्या एमआयडीसीत वॉचमन झाले. बावीस वर्षं त्यांनी एका लोखंडी गेटची राखण केली. त्या गेटाच्या आत नक्की काय तयार होत होतं हे त्यांना निवृत्त होईपर्यंत नीटसं कळलं नाही. आता वय सत्तर. सकाळी दूध आणणं, दुपारी चौकातल्या पानठेल्यावर फुकटचा पेपर वाचणं, एवढाच उद्योग.

मात्र या साध्यासुध्या आयुष्यात एक दिवस असा होता, की तो त्यांनी बायकोलासुद्धा सांगितला नव्हता.

१९७६ च्या मे महिन्यात त्यांचं लग्न झालं. ऑक्टोबरात, दिवाळी आठ दिवसांवर आली असताना, सात लुगड्यांचं गाठोडं घेऊन ते कन्हानच्या बाजाराला निघाले. आणीबाणी चालू होती. त्या काळी गाड्या कशा वेळेवर धावायच्या हे कौतुकाने सांगणारे लोक अजून हयात आहेत. बाबनरावांची बस मात्र अर्ध्या वाटेतच अडवली गेली. पोलिसांनी तरणे बाप्ये निवडून खाली उतरवले आणि जवळच्या एका शाळेत नेऊन बाकांवर बसवले. समोर एक गुरुजी रजिस्टर उघडून बसले होते. बाराखडी शिकवायची सोडून त्या बिचाऱ्यांना दिवाळीच्या आत दहा माणसं नसबंदीसाठी पुरवायची होती, नाहीतर पगार अडणार होता. नऊ झाली होती.

बाबनराव म्हणाले, लग्नाला पाचच महिने झालेत, मूल नाही. गुरुजींनी मान हलवली, खरोखर वाईट वाटल्यासारखी हलवली आणि रकान्यात लिहिलं, ‘हयात अपत्ये : तीन’. तीन लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नव्हता. संमतीच्या जागी अंगठा घेतला. बाबनराव सातवी पास होते आणि त्यांची सही वळणदार होती, पण सही करायला हात मोकळा लागतो आणि तो दोघांनी धरला होता.

संध्याकाळी त्यांना सोडलं तेव्हा हातात एक सर्टिफिकेट आणि वनस्पती तुपाचा डबा होता. देशाच्या लोकसंख्येला हातभार न लावल्याबद्दल ते बक्षीस होतं. लुगडी वाटेतल्या दुकानात मिळेल त्या भावाला देऊन बाजार चांगला झाला असं त्यांनी घरी सांगितलं. गोदूबाई तेव्हा अठरा वर्षांची. तिने हरखून त्या तुपात करंज्या तळल्या आणि सगळ्या आळीला वाटल्या. बाबनरावांनी ठरवलं, दिवाळी झाली की सांगू. कोणती दिवाळी, ते ठरवायचं तेवढं राहून गेलं.

पुढचं सगळं गोदूबाईच्या वाट्याला आलं. वैदूचे कडू काढे तिने प्यायले, सोळा सोमवार तिने धरले, इस्पितळातल्या टेबलावर तीच झोपली. बाबनराव बाहेर बाकड्यावर पिशवी सांभाळत बसायचे. डॉक्टरीणबाईंनी एकदा नवऱ्यालाही तपासू म्हटलं, तर त्या दिवशी त्यांची नेमकी डबल ड्युटी निघाली. डोहाळजेवणाला गोदूबाईला बोलावणं यायचं ते भाजी चिरायला. ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी तिला हळूच चहाचं बघायला पाठवायचं. पाच वर्षांनी बाबनरावांच्या आईने दुसरी मुलगी पाहिली. तेव्हा ते आळीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, मी गोदूला सोडणार नाही. म्हातारी रडली, आळी हेलावली, आणि त्या दिवसापासून बाबनराव देवमाणूस झाले. आणखी एक वाक्य बोलायची तिथे सोय होती. ते त्यांनी गिळलं.

तर आता भैयाजींकडे वळू. भैयाजी दोन गल्ल्या पलीकडचे, धान्याचे व्यापारी. आणीबाणीत बेचाळीस दिवस जेलात होते. सरकारविरोधी पत्रकं वाटताना पकडले असं सांगतात. खरं तर पत्रकं त्यांचा मेव्हणा वाटत होता, भैयाजी त्याची सायकल धरून उभे होते. पण बेचाळीस दिवस आत होते हे खरं आणि तेवढे दिवस दुकानाला कुलूप होतं हेही खरं, उगाच कुणी जळू नये. या सोसण्याबद्दल सरकार आता त्यांना दरमहा मानधन देतं. मधे एका सरकारने ते बंद केलं होतं, दुसऱ्याने पुन्हा सुरू केलं. एका सरकारला ते लोकशाहीचे सैनिक वाटतात, दुसऱ्याला वाटत नाहीत, त्यामुळे भैयाजींचं शौर्य निवडणुकीगणिक कमीजास्त होत असतं.

मानधन पुन्हा सुरू झालं तेव्हा चौकात मोठा फ्लेक्स लागला. ‘आणीबाणीतील बंदींचा जाहीर सत्कार. वंचित राहिलेल्या बंदींनी त्वरित अर्ज करावेत.’

बाबनरावांनी तो पानठेल्यावरून वाचला. आणीबाणीतली बंदी म्हटल्यावर त्यांना ठाऊक असलेली बंदी एकच. आपल्या सरकारला या शब्दाचा पहिल्यापासून लळा आहे. दारूबंदी आली, चराईबंदी आली, नोटबंदी आली, आणि ज्याची त्याची बंदी ज्याच्या त्याच्या लक्षात राहिली. अखेर सरकारला लाज वाटली म्हणायची, असं त्यांच्या मनात आलं. पैशाचा विचार नंतर आला. आधी आला तो असा : जबरदस्ती झाली होती हे सरकारने शिक्का मारून लिहून दिलं, तर तो कागद गोदूच्या हातात ठेवता येईल. आपल्याला तोंडाने काही बोलावंच लागणार नाही. सरकारने कबूल केलं की आपली कबुली आपोआप सुटली. माणूस सत्तर वर्षांचा झाला तरी असं फुकटात सुटायचं स्वप्न सोडत नाही.

सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत जाऊन त्यांनी फॉर्म आणला आणि वळणदार अक्षरात भरला. ‘बंदीचा प्रकार’ या रकान्यात तीन चौकोन होते : मिसा, डीआयआर, इतर. पहिले दोन हे त्या वेळचे माणसं आत टाकायचे कायदे, पण बाबनरावांचा त्यांच्याशी संबंध नव्हता. त्यांनी ‘इतर’वर खूण केली. पुढे विचारलं होतं, ‘बंदीचा कालावधी’. यावर मात्र त्यांनी बराच वेळ पेन धरून विचार केला. खोटं लिहायचं नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘१४ ऑक्टोबर १९७६ पासून आजपर्यंत’.

खिडकीवर पियुष नावाचा तरुण कारकून होता. त्याने सगळं कम्प्युटरवर चढवलं आणि कालावधी पाहून तो उठून उभा राहिला. सत्तेचाळीस वर्षं आत राहिलेला माणूस त्याने पाहिला नव्हता. त्याने बाबनरावांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि कोणत्या जेलात होता म्हणून आदराने विचारलं. बाबनरावांनी उत्तरादाखल पिशवीतून ते जुनं सर्टिफिकेट काढून दिलं. पियुषने ते वाचलं, परत वाचलं आणि मग शेजारच्या टेबलाकडे न बघता खाली बसला, कारण तिकडे बघितलं असतं तर त्याला हसू आवरलं नसतं.

“काकाजी, हे बंदी वेगळी हाय,” तो म्हणाला. “तुमच्यावाली बंदी याच्यात येत नाही.”

“एकाच सरकारनं केली, एकाच सालात केली,” बाबनराव म्हणाले. “मंग वेगळी काहून?”

पियुषने सर्टिफिकेट अर्जाला टाचलं. मुलगा चांगला होता. शिवाय अर्ज कम्प्युटरने आधीच घेतला होता आणि कम्प्युटरने घेतलेलं परत करायची सोय कचेरीत नव्हती. त्यामुळे अर्ज पुढे गेला, आणि तीन आठवड्यांनी घरच्या पत्त्यावर त्रुटीचं पत्र आलं.

ते आलं तेव्हा बाबनराव दूध आणायला गेले होते. गोदूबाई चौथी शिकलेल्या, ओळीखाली बोट धरून वाचतात. ‘आपण जोडलेल्या प्रमाणपत्रानुसार आपणांस तीन हयात अपत्ये असल्याचे दिसून येते. सबब तिन्ही अपत्यांचे आधार कार्ड व ना-हरकत पत्र पंधरा दिवसांत सादर करावे.’

बाबनराव परतले तर गोदूबाई दारातच बसल्या होत्या, पत्र मांडीवर.

“हे तीन लेकरं कोनाचे हायेत?” त्यांनी विचारलं. “कुटं ठेवले?”

बाबनरावांना हसू आलं, आणि ते अर्ध्यातच मेलं. कारण गोदूबाईचा चेहरा दुसऱ्या संसाराची बातमी ऐकायला तयार होऊन बसला होता. त्यांना वाटत होतं, कळमेश्वरच्या त्या बावीस वर्षांत नवऱ्याने तिकडे कुणीतरी ठेवली असेल, आणि तिला तीन झाली असतील. भयंकर गोष्ट अशी, की त्यात त्यांना नवऱ्याची चूक दिसतच नव्हती. आपल्याला झालं नाही, मग त्याने काय करावं, असं म्हणायची त्यांची तयारी होती. एवढी तयारी करून बसलेल्या बाईसमोर खोटं बोलणं बाबनरावांनाही जमलं नाही. दुधाची पिशवी हातातच ठेवून त्यांनी सगळं सांगितलं : बस, शाळा, गुरुजी, तुपाचा डबा.

गोदूबाईंनी पत्राची घडी घातली. मग त्यांनी त्या करंज्यांबद्दल विचारलं, त्याच तुपातल्या का म्हणून. बाबनरावांनी होकारार्थी मान हलवली. गोदूबाईंनी दूध घेतलं, तापवलं, ओट्याजवळ उभ्या राहिल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “हे मले एकटीले सांगून भागत नाही. ज्यायच्यासमोर तुमची वाहवा झाली, त्यायच्यासमोर सांगा.”

तीन हयात अपत्यं पंधरा दिवसांत पैदा न करता आल्याने बाबनरावांचा अर्ज निकाली निघाला. बायकोचा अर्ज मात्र निकाली निघेना. ती भांडत नव्हती, रडत नव्हती, वेळेवर जेवायला वाढत होती, आणि त्यापुढे बाबनरावांची डाळ शिजत नव्हती. शेवटी भैयाजींच्या पणतवाच्या बारशाला त्यांनी धीर केला. जुन्या आळीतली बरीच माणसं आली होती. नाव ठेवून झालं, पानं मांडायची होती, तेवढ्यात बाबनराव उभे राहिले आणि सगळं बोलले. गोदूत काही खोट नव्हती, खोट माझ्यात घातली होती आणि मी ती लपवली, हे वाक्य त्यांनी चक्क दोनदा म्हटलं. त्याबद्दल त्यांना मार्क द्यायला हवेत.

पानं मांडणाऱ्यांनी हातातली पानं खाली ठेवली. मग सगळे उठले आणि बाबनरावांकडे धावले. कुणी खुर्ची आणली, कुणी पंखा त्यांच्याकडे वळवला. बिचाऱ्याने किती मनात ठेवलं, या वयात केवढी ही हिंमत, असं चहूकडून येऊ लागलं. भैयाजींचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल बाबनरावांना पांघरली आणि जाहीर केलं की नसबंदीवाल्यांनाही मानधन मिळालंच पाहिजे, आपण मंत्र्यापर्यंत जाऊ. भैयाजींची नातसून सोनिका हिने फोटो काढले. गोदूबाई भिंतीशी पाण्याचा ट्रे धरून उभ्या होत्या. एक बाई त्यांच्याकडे आली खरी, पण काकाजींना पाणी द्या म्हणून सांगायला.

बाबनरावांना मोकळं वाटलं. खोटं कशाला सांगा, भूकही कडकडून लागली आणि त्यांनी बुंदीचे दोन लाडू खाल्ले. घरी परतताना शाल अंगावरच होती.

“झालं ना वं तुह्या मनासारखं?” त्यांनी विचारलं.

“हाव,” गोदूबाई म्हणाल्या. दहा पावलं गेल्यावर त्या थांबल्या.

“सरकारनं तुमच्यावर जे केलं त्याचा कागद तरी हाय. भैयाजी तुमच्यासाठी मंत्र्याकडे जाऊन राहिले, जाऊ द्या. मी काय म्हनते, तुमी दुसरी केली नाही मनून मी तुमचे पाय धरले होते. चाळीस वर्स रोज तुमचे उपकार मानले. ते मले कोन वापस करते?”

बाबनरावांनी तोंड उघडलं. सवयीने जिभेवर आधी सरकारच आलं. पण सरकार तिथे नव्हतं. दुपारच्या त्या रस्त्यावर ते दोघंच होते.