बर्लिनच्या भिंतीपाशी सापडली चिऊ

मैत्रिणींनो, जरा मदत हवीय.

आज सकाळी इथे सिंगापूरला, बेडोकच्या तलावाजवळच्या बागेत माझी सहा वर्षांची चिऊ हरवली. मला धड इंग्रजी येत नाही, कुणाला विचारणार? नुसती रडत पळत होते.

तिथे बर्लिनच्या भिंतीचे तुकडे ठेवलेत ना, तिथे एक जर्मन आजी चिऊचा हात धरून उभ्या होत्या.

"आजी म्हणाली हलू नको, मम्मी विल कम लाह!" चिऊ तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

चिऊनेच मग मला मराठीत समजावलं, आजी लहान असताना त्यांची आई या भिंतीपलीकडे अडकली होती, कितीतरी वर्षं भेटलीच नाही.

मी पाया पडायला वाकले, तर त्यांना वाटलं मला चक्कर आली. पटकन धरलंच त्यांनी मला!

घाबरून नावही विचारलं नाही. बेडोकला राहणाऱ्यांनो, त्या दिसल्या तर सांगाल का, ती चक्कर नव्हती, नमस्कार होता?