शीलाताईंच्या खिळ्यावरचा कागद

पडद्यावर ठळक अक्षरांत सूचना होती: काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका. मी ती मोठ्याने वाचली, वर्गात धडा वाचावा तशी. आणि पाचच मिनिटांत उठून लॅपटॉपची पिन स्वतःच्या हाताने उपटली.

कारण आभाळ गडगडलं. आमच्या धानोऱ्याकडे आभाळात पहिला आवाज झाला की घरातलं माणूस आधी पिना उपटायला धावतं. जंगलातून येणाऱ्या तारेवर कुठेतरी वीज पडते आणि गावातले टीव्ही एका दमात जळतात, हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. मग टीव्हीची, फ्रिजची, मोटारीची, दिसेल ती पिन निघते. हात डोक्याला विचारायला थांबत नाही. त्यात माझ्या लॅपटॉपची बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली, यंत्र नुसत्या चार्जरवर चालायचं. पिन निघाली, पडदा काळा झाला. ढग दोनदा गुरगुरले आणि कोरचीच्या बाजूला निघून गेले. एक थेंब पडला नाही.

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते, मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच निवृत्त झालेली. गळ्यात साखळीचा चष्मा, भिंतीवर दोन महिन्यांच्या संगणकवर्गाचं प्रमाणपत्र, तेही फ्रेममध्ये. आज एकाहत्तराव्या वर्षी ती बाई मला रस्त्यात भेटली, तर मी ओळख न दाखवता पलीकडच्या बाजूने जाईन.

पण मला माझ्याबद्दल नाही, शीलाताईंबद्दल सांगायचं आहे. गडचिरोलीला बसस्थानकाच्या मागे त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. वडील वडशाला रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून ही मुलगी तारांना कथलाचा डाग द्यायला शिकली. रेडिओ गेले, टीव्ही आले, मग संगणक आले, शीलाताई टेबलाशी तशाच बसून राहिल्या, फक्त पुढ्यातलं यंत्र बदलत गेलं. बुटकं शरीर, जाड काचा, आणि काम सुरू करण्याआधी छताचा पंखा बंद करण्याची सवय. एप्रिल महिन्यातसुद्धा. बारीक स्क्रू उडू नयेत म्हणून. गिऱ्हाईक घामाने भिजलं तर म्हणायच्या, "भिजा ना भाऊ, तुमचा घाम वाळून जाते, स्क्रू नाई भेटत."

त्याहून मोठी सवय कागदाची. यंत्र टेबलावर ठेवलं की त्या स्क्रूड्रायव्हर उचलत नसत. एक कोरा कागद आणि पेन पुढे सरकवत. "पयले लिवा. आत काय हाय, का जे गेलं तं परत भेटणार नाई." लिहून झालं की कागद भिंतीवरच्या खिळ्याला टोचायचा, त्यात लिहिलेल्या फाइलींची दुसरी प्रत काढायची आणि मगच पंखा बंद. एकदा माझ्यासमोर एका कचेरीतल्या बाबूंनी ऐटीत लिहिलं, "काही नाही." शीलाताईंनी मान डोलावून स्क्रूड्रायव्हर घेतला. बाबू म्हणाले, "थांबा." कागद परत मागून घेतला, बराच वेळ पेन तोंडात धरून बसले, आणि खाली लिहिलं, "आईचा एक फोटो आहे."

मी पहिल्यांदा गेले ती जुन्या लॅपटॉपमध्ये नवीन एसएसडी बसवून घ्यायला. हार्ड डिस्कच्या जागी बसते ती, आत काही फिरत नाही, यंत्र पळायला लागतं. कागद पुढे आल्यावर मी झोकात लिहिलं, "सर्व महत्त्वाचे." त्यांनी कागद परत केला.

"सारंच म्हनजे काईच नाई, बाई. नीट लिवा."

छत्तीस वर्षं मी लोकांचे कागद परत करत आले होते. माझा कोणी केला नव्हता. राग गिळून मी लिहिलं, "सोमारीबाईचा आवाज."

सोमारीबाई आमच्या आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. पहिलीत येणाऱ्या लेकरांना गोंडीशिवाय काही कळायचं नाही. ती लेकरं महिनोन्‌महिने मुकी बसून राहायची. त्यांच्यासाठी बोलता शब्दसंग्रह करावा असं मी ठरवलं. चुलीजवळ बसून सोमारी गोंडी शब्द म्हणायची, मी मराठी म्हणायची. येर, पाणी. पुंगार, फूल. असे सहाशेच्या वर शब्द आम्ही तीन वर्षांत भरले. काम संपलं त्या हिवाळ्यातच सोमारी वारली. शब्द माझ्या लॅपटॉपवर होते, आणि शीलाताईंनी काढून दिलेली प्रत एका लाल पेनड्राइव्हवर.

काही महिन्यांनी शीलाताईंचा फोन आला. "बाई, तुमच्या डिस्कचं फर्मवेअर जुनं हाय. कंपनीच कबूल करून राह्यली, का ठरावीक तास चालली का ते डिस्क सोताच कुलूप लावून घेते. नवीन चढवा लागते. घेऊन या."

फर्मवेअर म्हणजे डिस्कच्या पोटातली, तिला कसं वागायचं ते शिकवणारी आज्ञावली. मी म्हटलं, सूचना वाचून करायचं काम, त्यासाठी एसटीत तासभर हाडं कशाला खिळखिळी करायची? कंपनीची फाइल चढवायला कोरा पेनड्राइव्ह लागत होता. घरात एकच होता. लाल. मी तो शांतपणे पुसून कोरा केला. शब्द लॅपटॉपवर आहेतच की! हा विचार ज्या डोक्यात आला, त्या डोक्याने शाळा कशी चालवली असेल, देव जाणे.

पुढचं सांगितलंच आहे. पुन्हा चालू केल्यावर पडद्यावर एकच ओळ येत राहिली: डिस्क सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्यात लॅपटॉप गुंडाळून मी दुकानात उभी. "आपोआप बंद पडला हो," मी म्हटलं.

"आपोआप?"

"हो. बसल्या बसल्या."

शीलाताईंनी कागद पुढे सरकवला. "लिवा. काय काय झालं, सुरुवातीपासून."

मी लिहिलं, "यंत्र आपोआप बंद पडले." त्यांनी वाचलं आणि पेन परत माझ्याकडे दिलं.

"पाहा बाई, गरम होऊन मेली असन तं इलाज येगळा. अर्ध्यात वीज तुटली असन तं येगळा. खोट्यावर इलाज करीन तं सोमारी माह्या हातानं मरन. तुमची लाज मोठी का तिचा आवाज?"

सोमारीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कागदावर वाचलं होतं तेवढंच. मी खाली मान घालून सगळं लिहिलं. गडगडाट, पिन, लाल पेनड्राइव्ह, आणि वरचं वाक्य खोटं आहे हेही. शीलाताईंनी तो कागद खिळ्याला टोचला आणि पंखा बंद केला.

मग त्यांनी जो हट्ट धरला तो मी जन्मात विसरणार नाही. डिस्क बाहेर काढून तिला नुसती वीज द्यायची. माहितीची तार जोडायची नाही. अर्धा तास. मग अर्धं मिनिट बंद. पुन्हा अर्धा तास. मग तार जोडून पाहायचं, यंत्राला ती दिसते का. नाही दिसली तर पुन्हा पहिल्यापासून. "बेसुद्ध मानसाले हलवत नाईत. सोताच सावरू द्या लागते," त्या म्हणायच्या. मी रोज पहिल्या एसटीने जायची आणि स्टुलावर बसून घड्याळ धरायची. तेवढंच काम त्यांनी मला विश्वासाने दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी शेजारचा मोबाइलवाला डोकावला. "ताई, काऊन टाइम खराब करून राह्यली? फेका ना ते. नवीन डिस्क भेटते."

"डिस्क भेटते भाऊ," शीलाताई मान वर न करता म्हणाल्या, "सोमारी भेटते का तुह्या दुकानात?"

चौथ्या दिवशी दुपारी पडद्यावर डिस्क उमटली. नाव भलतंच, आकार जवळजवळ शून्य. मी ओरडलेच. शीलाताई म्हणाल्या, "डोये उघडले, बोलत नाई अजून. आज हात नाई लावत. उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा त्यांनी इन्व्हर्टरची भिंतीतली पिन काढून ठेवली होती. बॅटरी रात्रभर भरून घेतलेली. सगळं काम तिच्यावर. फर्मवेअर पुन्हा चढायला लागलं. पट्टी हळूहळू सरकत होती. अर्ध्यावर आली आणि बाहेर आभाळ गडगडलं.

खरं सांगते, माझा हात उठला. इतकं होऊनही उठला! सगळी फजिती ठाऊक असलेली मी स्टुलावरच होते, आणि माझा हात बॅटरीकडच्या तारेला निघाला होता. शीलाताईंनी मनगट धरलं.

"हात मांडीखाली घ्या, बाई."

"अहो, वीज..."

"भिंतीची पिन मी सकायीच काढली. विजेले यायले वाटच नाई ठेवली. बसा."

निवृत्त मुख्याध्यापिका दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली, पहिलीतल्या लेकरासारखी. बाहेर कडाडत होतं, आत पंखा बंद, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि पुसायला हात मोकळे नव्हते. पट्टी शेवटाला टेकली. शीलाताईंनी यंत्र बंद केलं, चालू केलं, पहिली फाइल उघडली. चुलीवरच्या भांड्याचा आवाज आला आणि मग सोमारी म्हणाली, "येर." पाठोपाठ त्या फाइलीतच मी तो गोंडी शब्द म्हणून पाहिला, चुकीचा, आणि सोमारी पोट धरून हसली. शीलाताईसुद्धा हसल्या. मला हसता आलं नाही.

त्या दिवशी त्यांनी तीन प्रती काढल्या. एक माझ्याकडे, एक शाळेत, एक स्वतःच्या गल्ल्याच्या खणात. पहिलीतली लेकरं आजही सोमारीचं ऐकून शब्द म्हणतात.

मागच्या वर्षी डोळ्यांनी साथ सोडली, शीलाताईंनी दुकान बंद केलं आणि लेकीकडे घुग्घुसला निघाल्या. मी निरोपाला गेले. रिकाम्या भिंतीवर खिळा तेवढा राहिला होता, आणि त्याला एकच पिवळा पडलेला कागद. अक्षर माझं. मी म्हटलं, "तो मला द्या हो शीलाताई, फाडून टाकते. नातवंडांच्या हाती लागला तर माझी काय राहील?"

त्यांनी कागद काढला, चार घड्या घातल्या आणि बटव्यात ठेवला.

"बाकीचे सारे कागद चुलीत घातले मी, बाई. हा माह्यासंगं येते. घुग्घुसले बी कोनी ना कोनी म्हननच का आपोआप बंद पडला. त्याले दाखवीन, का एवढी मोठी हेडमास्तरीन खरं लिवू शकते, तं तुले काय धाड भरली?"