माझ्या मनगटावर त्यांचा पट्टा

नवऱ्याचा श्वास मोजायचा पट्टा मी एक दिवस माझ्याच मनगटाला बांधून बसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला शहाणी समजायला नको. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते, आता एकाहत्तर. तीन वर्षांत अक्कल येते असं नाही, पण आधी किती नव्हती ते कळतं.

आमच्या मालकांनी निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्मभर पोती उचलली. त्या धुरळ्यानं त्यांच्या छातीत घर केलं. शेवटी बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं, खाट नंबर नऊ. मनगटाला घड्याळासारखा पट्टा आणि त्याला जोडलेली टोपी बोटात. रक्तात ऑक्सिजन किती, ते त्यात दिसायचं. पण पट्ट्यातून भिंतीकडं एकही वायर गेलेली नव्हती.

मी सिस्टरला विचारलं, "मग ह्यो आकडा जातोय कुठनं, गं बाई?"

"आज्जी, दवाखान्यानं सोताचं मोबाइल नेट बसवलंय. बाहेरच्या गर्दीचा त्याला त्रास न्हाय. आजोबांच्या बोटावरचा आकडा त्याच क्षणाला माझ्या टेबलावर आणि डॉक्टरांच्या हातात. तुमच्या लेकीच्या फोनवरबी देतो जोडून."

लेक बंगळूरला नोकरीला. निपाणीत तिच्याशी बोलायचं तर मला फोन घेऊन गच्चीवर चढावं लागायचं, आणि इथं बापाचा श्वास बसल्या जागी तिच्या तळहातावर. मला कौतुक वाटलं. जरा रागही आला.

सहाव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "उद्या दिवसभर आकडा वर राहिला तर परवा घरी सोडतो."

मालकांचा तेवढाच एक ध्यास होता. "घरच्या अंथरुणात पडू दे गं मला. ह्या छताकडं बघून डोळं फुटायचं आता."

आता त्या शहाण्या बाईनं, म्हणजे मीच, काय केलं ते सांगते. पण त्यासाठी तिच्याहून मूर्ख अशा एका पोरीकडं जावं लागेल. सोळा-सतरा वर्षांची असताना मी विड्या वळायचे. वळायचे म्हणजे गप्पा मारायचे आणि मधूनच एखादी वळायचे. माझ्या विड्या इतक्या ढिल्या, की उचलल्या तरी तंबाखू सांडायचा. कारखान्यात द्यायला गेलं, की चेकर विड्यांची जुडी दाबून बघायचा आणि वाईट विड्या छाटून बाजूला टाकायचा. पण आमच्यात एक रीत होती. जिचं काम त्या दिवशी बिघडलेलं असेल, तिच्या टोपलीत शेजारची बाई हळूच आपल्या दोन चांगल्या जुड्या वर ठेवायची. चेकर वरची दाबायचा, मान हलवायचा, पुढं जायचा. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की तपासणारा वरचंच बघतो.

मला तो पट्टा त्या चेकरचा नातूच वाटला.

सकाळी सहाला सिस्टरनं मालकांचं अंग पुसायला पट्टा काढला. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली. "आज्जी, पुसून झालं की परत बांधा हां," म्हणून ती गेली. मी पट्टा हातात घेतला आणि मालकांकडं बघितलं.

"तुमच्या नावावर मी परीक्षा देऊ का?"

ते हसले. हसताना धाप लागली. "दे की. तुझं काळीज घोड्याचं. मला एका दिसात पास करशील."

मी टोपी माझ्या बोटात घातली. आकडा सत्त्याण्णव. आम्ही दोघं चोरट्या पोरांसारखं खुदखुदलो.

दहाला डॉक्टर आले. मी माझा हात मालकांच्या चादरीखाली सारून बसले होते. त्यांनी हातातल्या काचेच्या पाटीवर आकडा बघितला आणि दारातूनच म्हणाले, "छान चाललंय! आज्जी, एवढं घट्ट धरून बसलाय, पळून जात न्हाईत आजोबा." मी लाजल्याचं सोंग केलं. या वयात.

बाराला मला चहाची तलफ आली. मालक डोळे मिटून पडले होते, मला वाटलं झोपले. पट्टा काढला तर आकडा बंद पडेल, म्हणून तो तसाच ठेवून पदर ओढला आणि खाली कॅन्टीनमध्ये गेले. ते नेट सगळ्या इमारतीत पोचतं. माझा आकडा कॅन्टीनमधूनही सत्त्याण्णवच जात होता. पण पट्टा कुठं आहे तेही त्यांना दिसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टरच्या टेबलावर दिसलं, की खाट नंबर नऊ खाली कॅन्टीनमध्ये आहे. खाटेवरून उठता न येणारा माणूस!

ती धावत आली. मी बशीत चहा ओतून खारी बुडवत होते. पदराखाली टोपीतला लाल दिवा लुकलुकत होता. तिनं माझ्या मनगटावरचा पट्टा सोडवला. मग ती जिन्याकडं पळाली, आणि मी तिच्या मागं.

मालकांचे ओठ जांभळे पडले होते. बेल उशाशीच होती, हाताला येईल अशी. त्यांनी ती दाबली नव्हती. दाबली असती तर घरी जाणं गेलं असतं. माझी खोडी त्यांनी आपल्या बाजूनं निभावली होती.

मशीन लावलं, इंजेक्शनं झाली. दिवेलागणीला ते गेले.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज्जी, फुफ्फुसं मुळातच संपली होती. चार दिवस मिळाले असते, किंवा नसतेही." चांगला माणूस. चार दिवस मिळाले असते, एवढंच माझ्या कानात राहिलं.

लेक दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. माती झाली, लोक येऊन गेले. कुणाला मी काही बोलले नाही. दिवस झाल्यावर मात्र ती भांडी पुसत बसली होती, तिच्यापुढं जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पट्टा, चादर, चहा, बेल. मला वाटलं ती उठून जाईल. मला तसंच हवं होतं.

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. माझ्या बोटाकडं बघितलं. मग म्हणाली,

"आई, त्या दिवशी सकाळी साडेसहाला मी पिशवी घेऊन बसस्टँडवर उभी होते गं. फोनवर सत्त्याण्णव बघितलं आन् म्हटलं, आप्पा बरं हाईत, आता रविवारीच जाऊ. तिथनंच माघारी फिरले. ते तुझं हुतं व्हय?"