अक्काची अट

भूकंपात आमचं औशाकडचं गाव पडलं. घरातली सगळी गेली, मी उरले. पुढं दोनेक वर्षांत लातूरच्या एका गल्लीत धंद्याला लागले. तिथं उदगीरकडच्या एका वयस्क बाईनं मला आपल्या खोलीत जागा दिली. तिला सगळ्या अक्का म्हणायच्या.

काही वर्षांनी एका संस्थेच्या ताई आल्या. आमच्यातल्याच एकीनं बाकीच्यांना शिकवावं, असं त्यांचं म्हणणं. मला वाचता येत होतं म्हणून मला निवडलं. लाकडी नमुन्यावर निरोध चढवून दाखवायचा, पाकिटावरची तारीख बघायला शिकवायचं, गिऱ्हाईक अडून बसलं तर काय बोलायचं ते सांगायचं. पहिल्या दिवशी बाया हसल्या. मला लाज वाटली नाही, हसूही आलं नाही. भूकंपापासून माझं असंच होतं.

अक्का गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय जवळ येऊ द्यायची नाही. पण दर आठवड्याला येणाऱ्या एका ट्रकवाल्याला ती मालक म्हणायची. त्याला कसं सांगू, तो काय गिऱ्हाईक हाय का, असं म्हणून माझं बोलणं उडवून लावायची.

मग तिचा ताप उतरेना. एचआयव्हीच्या तपासणीला चल म्हणून मी मागं लागले, तेव्हा तिनं मलाच विचारलं, "तू केलीस का तुझी?"

साऱ्या गल्लीला पाठवलं होतं, स्वतः गेले नव्हते.

"तू बी कर. मग येते."

सरकारी दवाखान्यात दोघींनी रक्त दिलं. मला काही निघालं नाही. अक्काला निघालं. बाहेर पायरीवर तिनं माझं विचारलं, मी सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. मग आम्ही चहा प्यायलो. मी तिच्या बशीकडं बघत राहिले.

पुढच्या बैठकीत ती आपण होऊन उठली आणि मालकाचं सगळं बायांना सांगितलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

लातुरात शिकवणीचे क्लासेस वाढले तशा घरमालकांना बाहेरगावच्या पोरांसाठी खोल्या हव्या झाल्या. गल्ली रिकामी झाली, आम्ही दोघी नांदेडला गेलो. दवाखान्यातून सुरू झालेल्या अक्काच्या गोळ्या तिथंही चालू राहिल्या. शिकवायला आता अक्काही सोबत यायची. बाया माझ्यापेक्षा तिचं ऐकायच्या.

गोळ्यांवर ती बरीच वर्षं जगली. गेली तेव्हा मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन नव्या बायांना शिकवायचं ठरलेलं होतं. मी गेले आणि शिकवून आले.